पाचापैकी तीन

पुंगोल, सिंगापूर
४ ऑगस्ट २०२४

ती. सौ. वन्संना,
सुमेधाचा सा. न. वि. वि.

परवा नातीला, ऋग्वेदाला, शाळेच्या बसमध्ये बसवून मी वर आले, मशीनमधले कपडे मागच्या बाजूला वाळत घातले, देवाची भांडी पुसली आणि कोथिंबीर निवडायला बसले. माझ्या लेकीच्या घरात वर्तमानपत्र येत नाही, जो तो आपापल्या फोनमध्ये वाचतो. मग कोथिंबीर पसरायची कशावर? टेबलावर गार्गीचे छापील कागद होते, मला वाटलं रद्दी आहे. देठं खुडता खुडता सवयीने वाचायला लागले. तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे, भेळेचा कागदसुद्धा मी पुरता वाचल्याशिवाय टाकत नाही. इंग्रजी सोपं होतं. पहिलाच प्रश्न असा की, आपल्या जोडीदारावर तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करा. माझी अर्धी जुडी त्या प्रश्नावर पसरली होती.

संध्याकाळी गार्गीने ओले कागद बघून कपाळावर हात मारला, मग हसली, आणि मग समजावून सांगितलं. ती युनिव्हर्सिटीत जे संशोधन करते ते हेच. चिली, मेक्सिको, कोलंबिया, स्पेन अशा स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत नवरा-बायको एकमेकांवर किती खूश असतात, आणि का. तुम्ही अख्ख्या सांगलीत सांगत असता की आमची गार्गी वेड्यांवर उपचार करते, तेवढं आता दुरुस्त करा. मी तिला विचारलं की मग आपल्या माणसांना का नाही विचारत? तर म्हणाली की आपली माणसं उत्तर देत नाहीत, विचारणाऱ्याला चहा देतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही मागे विचारलं होतं. अहो, ह्या एवढ्याशा घरात फोनवर बोललेलं सगळ्यांचं होतं. निमिष जावई म्हणून चांगला आहे, पण त्याचे कान फार चांगले आहेत. पत्र एकटीचं राहतं.

हे प्रश्न उघड छापलेले आहेत, कोणालाही दाखव असं गार्गी म्हणाली, म्हणून पाच-सहा मराठीत उतरवून सोबत पाठवते. तुम्ही आणि भाऊजी मिळून गंमत करा. तुमचे भाऊ जाऊन चौथं वर्ष लागलं. मी गोल कोणासाठी करू? म्हणून तुम्हाला पाठवते.

माया आहेच, थोडी पोस्टानेही येऊ द्या.

तुमची,
सुमेधा


सांगली
१९ ऑगस्ट २०२४

चि. सुमेधास अ. उ. आ.

पाकिटावर नावामागे गं. भा. घातलेलं नाही, ते विसरून नव्हे. माझा भाऊ गेला म्हणून तुझं नाव बदललं नाही.

प्रश्न वाचले. लोकांना उद्योग नाहीत एवढं कळलं. जोडीदार तुमचं बोलणं लक्ष देऊन ऐकतो का, या प्रश्नापुढे मी लिहिलं की कानातलं यंत्र चालू असेल तर. तुझे भाऊजी दिवसभरात तीन वाक्यं बोलतात, त्यातली दोन दूधवाल्याशी. उरलेला वेळ लाल पेन घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका काढतात. गणिताचा मास्तर रिटायर झाला तरी त्याचं पेन रिटायर होत नाही. परवा शेजारच्या मीनलच्या मुलीची लग्नपत्रिका आली, तीही तपासून ठेवली. मीनलला दिसू नये म्हणून मी ती पिठाच्या डब्यामागे सरकवली.

खरं सांगायचं तर माझं मन इथे लागत नाही. आमचा विक्रांत मुंबईला बोलावतो आहे, चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. यांना सांगली सोडायची नाही. एकटीने जावं की नाही हे माझं ठरत नाही. ज्या घरात आपण आहोत की नाही हे कोणाला कळत नाही, तिथे का राहायचं, असं दुपारी वाटतं. संध्याकाळी वाटतं की यांना गोळ्या कोण देईल.

गौरी-गणपती होऊ देत. मग तुझा कागद त्यांच्यापुढे टाकते. मलाही कळू दे.

आशीर्वाद आहेतच, उगाच वाकू नकोस, कंबर सांभाळ.

सुरेखा


पुंगोल
१ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं मुंबईचं वाचून मला रात्रभर कसंतरी झालं. घाई करू नका एवढंच म्हणते.

इकडची गंमत ऐका. गार्गीबरोबर काम करणारी पाउला नावाची मुलगी आहे, चिलीची. ती आणि तिचा नवरा रोद्रिगो रविवारी आम्हाला पुलाउ उबीनला घेऊन गेले. छोट्या होडीने दहा मिनिटांत बेट येतं, जुनी लाकडी घरं, रानडुकरं, आणि सगळे भाड्याच्या सायकलींवर. मी ऋग्वेदाबरोबर चहाच्या टपरीवर बसले. ती दोघं दिवसभर भांडली. सायकलची साखळी कोणामुळे निघाली, पाण्याची बाटली कोण विसरलं, नकाशा उलटा कोणी धरला. भाषा कळत नव्हती, पण भांडण शब्दन् शब्द कळत होतं. ऋग्वेदा, इथले सगळे लावतात तसं वाक्याला लाह लावून, मला म्हणाली की आज्जी, ते फायटिंग नाही लाह, ते टॉकिंग आहे.

परत येताना होडीत मी गार्गीला सांगून त्या दोघांना तोच पहिला प्रश्न विचारायला लावला. दोघांनी एकदम पाच बोटं वर केली. रोद्रिगोने दुसऱ्या हाताचीही केली. गार्गी मात्र खुशीत दिसेना. म्हणाली, आई, हीच माझी डोकेदुखी आहे. कसली ते तिने सांगितलं नाही, कारण तेवढ्यात धक्का आला.

भाऊजींना गोडीत विचारा, रागात नको.

तुमच्या रागालोभाची धनी,
सुमेधा


सांगली
१६ सप्टेंबर २०२४

सुमेधास आशीर्वाद.

विचारलं. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, गोडीत, चहाबरोबर चकली ठेवून. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, लाल पेन आणायला सांगितलं. मग विचार करत बसले. इतका वेळ की मी दूध तापवून आले, सायीचं भांडं धुवून आले. आणि मग गोल केला. तीनला.

तीन! पाचापैकी तीन! सासूबाईंचं सहा वर्षांचं आजारपण मी काढलं. तीन बदल्यांचं सामान मी बांधलं. विक्रांतच्या टायफॉइडमध्ये हे दहावीचे पेपर तपासत होते आणि मी बर्फ फोडत होते. मी आधीच माझ्या कागदावर त्यांना चार दिले होते, तेही चकलीच्या पिठात हात असताना, विचार न करता. मी विचारलं की हे काय, तर शांतपणे म्हणाले की तीन चांगले आहेत. वर असंही म्हणाले की चकली खुसखुशीत झाली आहे. मी ताटली उचलून घेतली.

मग मी माझे चार खोडून शून्य केलं आणि कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. विक्रांतला फोन केला. तुळशीचं लग्न झालं की मी निघते. एकटीचं तिकीट, जाण्याचं फक्त. गोळ्यांचं काय ते त्यांचे त्यांनी बघावं, आकडेमोड येते त्यांना.

तुझ्या स्पॅनिश बायकांनी माझा संसार मोडला असं मी म्हणणार नाही, पण हातभार लावला. यांना तू काही लिहू नकोस.

तरीही तुझी,
सुरेखा


पुंगोल
२९ सप्टेंबर २०२४

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. कागद मी पाठवला, तेव्हा मी गप्प बसणं बरं नाही. स्पष्ट लिहिते, राग आला तर पत्र फाडा, पण वाचून फाडा.

मी गार्गीला सगळं सांगितलं, नावं न घेता. तिने लगेच विचारलं की आत्याबाई का? म्हणून तेही सांगितलं. तिची डोकेदुखी आता मला कळली. ती म्हणते, काही देशांत माणसं बेधडक शेवटच्या आकड्याला गोल करतात, काही ठिकाणी मधल्या आकड्यापलीकडे हात जात नाही. म्हणून एकाचा पाच आणि दुसऱ्याचा तीन शेजारी ठेवून कोण जास्त सुखी हे सांगता येत नाही. आधी बघायचं की हा माणूस एरवी किती देतो. त्यावर तिची दोन वर्षं चालली आहेत, आणि तुम्ही एका संध्याकाळी निकाल लावलात.

भाऊजींनी आयुष्यात कोणाला पाच दिले, सांगा बघू. माझ्या लग्नात केशरी बासुंदी होती, गावभर नाव झालं. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, ठीक आहे. तुमचा विक्रांत बोर्डात आला तेव्हा हातात पेढा घेऊन त्यांनी आधी भूगोलाचे मार्क कुठे गेले ते विचारलं. अशा माणसाकडून तीन आले तर ते रोद्रिगोच्या दोन्ही हातांच्या बोटांएवढे झाले.

हे तुम्हाला पटणार नाही. तुम्ही म्हणाल की मी चिलीत राहत नाही, सांगलीत राहते, मला पाच पाहिजेत. तेही खरं आहे. पण वन्सं, तुम्ही तीन मिळाले म्हणून रडता. आमचे हे मला किती देत होते ते मला आता कधीच कळायचं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तीनसुद्धा मी फ्रेम करून भिंतीवर लावले असते.

तुम्ही नको म्हणालात तरी भाऊजींना याच टपालाने चार ओळी टाकते आहे. एकच विचारलंय, दोन मार्क कशाचे कापले? आपल्याला गेले कुठे हे तरी कळावं.

रागासकट माया असू द्यावी.

सुमेधा


सांगली
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

श्रीमती सुमेधाताई यांस,
गोविंद यांचा सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका आहेत, परंतु आशय स्पष्ट असल्याने त्यांचा विचार केलेला नाही.

आपण विचारलेला प्रश्न रास्त आहे. मार्क कोठे कापले हे दाखविणे परीक्षकाचे काम आहे. सौ.ने तो विचारला नाही, थेट निकालावर गेली. शिवाय मला शून्य दिले. त्यास मी हरकत घेतली. शून्य कोऱ्या उत्तरपत्रिकेस देतात. माझी उत्तरपत्रिका कोरी नाही, अक्षर खराब आहे. हे मी तिला सांगितले, तेव्हा ती आतल्या खोलीत निघून गेली. ती हसत होती की रडत होती हे यंत्र काढलेले असल्याने कळले नाही.

पहिला मार्क गुडघ्याचा. गेल्या हिवाळ्यात तिचा गुडघा सुजला. तिने ते मीनलला सांगितले, विक्रांतला फोनवर सांगितले, भाजीवालीला सांगितले. मला औषधाच्या दुकानात कळले. दुकानदार म्हणाला, काकूंचा गुडघा कसा आहे? मी म्हणालो, बरा आहे. मला काय माहीत.

दुसरा मार्क जेवणाचा. लग्नाच्या पंगतीत आम्ही एकमेकांना घास भरवला. त्यानंतर आम्ही दोघे एका वेळी जेवल्याचे मला आठवत नाही. ती तव्यापाशी उभी असते. मागून हात येतो, ताटात गरम पोळी पडते, हात जातो. ती बसेपर्यंत माझा हात धुऊन झालेला असतो. इतकी वर्षे मी कॅलेंडराकडे बघून जेवतो. मला गार पोळी चालते. किंबहुना तीच आवडते. परंतु ती इतक्या हौसेने गरम वाढते की सांगणे बरे दिसेना, आणि मग उशीर झाला.

म्हणजे कापलेले मार्क तिच्या कामाचे नाहीत. जे मला मिळाले नाही त्याचे आहेत. हे तिला तोंडी सांगावे की लेखी, याबाबत मार्गदर्शन करावे. तिकीट निघाले आहे.

सोने पाकिटात पाठवीत आहे. पान मोडले असल्यास क्षमस्व.

आपला,
गोविंद


सांगली
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

तू पत्र एकटीचं राहतं म्हणून लिहितेस, आणि गेल्या मंगळवारी फोन करून अख्खी गल्ली गोळा केलीस. यांचं यंत्र चार्जिंगला होतं, म्हणून यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. तुझं ते तोंडी सांगा, आत्ताच्या आत्ता तोंडी सांगा, हे मीनल गच्चीत पापड घालत होती तिथे ऐकू गेलं. मागून तुझा जावई हसत होता तेही ऐकू आलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले, मला वाटलं कोणी गेलं.

तर हे उभे राहिले. शाळेत तपासणीचे साहेब आल्यावर राहायचे तसे. आणि दोन्ही मार्क सांगितले, आधी पहिला, मग दुसरा.

गुडघ्याचं मी कबूल केलं. त्यांना काळजी नको म्हणून सांगितलं नाही, पण भाजीवालीला काळजी चालते का, असं त्यांनी विचारलं. पोळीचं ऐकून मात्र माझ्या डोक्याची शीर उठली. पन्नास वर्षं, सुमेधा! पन्नास वर्षं माझी बोटं भाजली, आणि या माणसाला गार पोळी आवडते! मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं, हेही पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी सगळ्या पोळ्या एकदम करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि दोन ताटं घेतली. समोरासमोर बसलो. मुलगी बघायला आल्यासारखं झालं. यांनी लसणीची चटणी माझ्याकडे सरकवली. मी मीठ त्यांच्याकडे सरकवलं. मग त्यांनी विचारलं, गुडघा कसा आहे? मी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तेवढ्यात एक नवीन शोध लागला. हे जेवताना मचमच आवाज करतात. मी शेजारी कधी बसलेच नव्हते, मला कुठून कळणार? त्याचा अर्धा मार्क मी तिथल्या तिथे कापला. त्यांनी हात धुऊन कागद काढला आणि माझा तीन खोडून साडेतीन केला, शेजारी सही करून. मी म्हटलं, पाच कधी? तर म्हणाले, अजून वेळ आहे.

तिकीट रद्द केलेलं नाही, विक्रांतने रजा टाकली आहे. शेजारच्या जागेचं दुसरं काढलं, आणि परतीची दोन.

गार्गीला सांग की आत्या म्हणते, तुझं काम वेड्यांचंच आहे, पण चांगलं आहे.

सुरेखा


पुंगोल
९ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज आलं. खाली बाकावर बसून वाचलं आणि एकटीच मोठ्याने हसले. शेजारची चिनी आजी उठून दुसऱ्या बाकावर गेली. मुंबईचे दिवस आनंदाचे जावोत. मचमच विक्रांतच्या बायकोपुढे काढू नका.

गार्गीला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग गंभीर होऊन वही शोधायला लागली. म्हणाली की आपण इतकं विचारतो, पण एकत्र जेवता का, हे नीट विचारत नाही. पाउलाला सांगितलं तर तिला नवलच वाटलं. त्यांच्याकडे जेवण झालं तरी कोणी उठत नाही म्हणे, ताटं तशीच ठेवून तास-तास बोलत बसतात. मी विचारलं की मग हात वाळत नाहीत का? गार्गीने हे स्पॅनिशमध्ये सांगायला नकार दिला.

दुपारी मी आठवत बसले. तुमच्या भावाबरोबर मी एका वेळी कधी जेवले? आमच्याकडेही तवाच होता, आणि त्यापाशी मीच होते. एकदा मात्र आठवलं. हॉस्पिटलात, शेवटच्या महिन्यात. घरून डबा यायचा. तिथे गरम करायला काही नव्हतं, करायला काम नव्हतं, म्हणून मी पलंगाच्या कडेला बसून त्यांच्याबरोबर खायची. पोळ्या कातड्यासारख्या झालेल्या. एक दिवस हे म्हणाले की आज जेवण फार छान झालं. मला वाटलं भाजीबद्दल बोलताहेत. मी सांगितलं की भाजी खालच्या सविताने पाठवली आहे, तिला निरोप देते. हे नुसते हसले.

सविताला मी तो निरोप दिला होता. तिला फार बरं वाटलं.

रडत नाही आहे, काळजी नको. किती दिले असते ते आता थोडं कळल्यासारखं वाटतं, एवढंच. आकडा नको आहे.

भाऊजींना नमस्कार. या पत्रात चुका किती निघाल्या ते त्यांना कळवू देऊ नका. दोघांनी मिळून आमची आठवण काढत जा.

तुमची,
सुमेधा

ता. क. काल रात्री पत्र पाकिटात घालायचं राहिलं. आज रविवार, सगळे घरी होते. मी पोळ्या आधी करून ठेवल्या, गॅस बंद केला, आणि गार्गी, निमिष, ऋग्वेदा यांच्याबरोबर जेवायला बसले.